जास्तीचं ‘ड’ लघवीवाटे निघून जात नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘ड’ जीवनसत्त्वावरचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून पुन्हा वाचला. वाक्य तेच होतं: ‘ड’चं पाकीट थोडं जास्त झालं तरी घाबरायचं कारण नाही, नको असलेलं शरीर लघवीवाटे टाकून देतं. हे धादांत चुकीचं आहे. लघवीवाटे जातात ती ‘ब’ गटातली आणि ‘क’ जीवनसत्त्वं, कारण ती पाण्यात विरघळतात. अ, ड, ई आणि के ही चार चरबीत विरघळतात आणि अंगात साठून राहतात. शाळेत शिकवत असताना एखाद्या मुलाने उत्तरपत्रिकेत हे उलट लिहिलं असतं, तर मी त्याचे गुण कापले असते. तुम्ही ते लाखभर घरांत पाठवलंत.

माझी आई 84 वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात ती जास्त झालेल्या ‘ड’पायीच नऊ दिवस रुग्णालयात होती.

तिला ‘ड’ची गरज नव्हती असं नाही. रक्ततपासणीत तिचं ‘ड’ नऊ आलं होतं, निदान वीस तरी असायला हवं. पाय दुखायचे, जिना चढताना कठड्याला धरून थांबायची. डॉक्टरांनी 60,000 युनिटचं पाकीट दिलं, आठवड्यातून एक, आठ आठवडे. चिठ्ठी बरोबर होती. पण औषधाच्या दुकानातल्या मुलाने सवयीप्रमाणे खोक्यावर बॉलपेनने लिहिलं ‘1-0-0’. घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना ही लिपी पाठ असते: सकाळ, दुपार, रात्र. आईने चिठ्ठी पाहिलीच नाही, खोकं पाहिलं. रोज सकाळी पाकिटाचा कोपरा दाताने फाडायचा, अर्धा कप कोमट दुधात ओतायचं, चमचा फिरवायचा आणि प्यायचं. चव गोड, त्यामुळे तिला ते औषध वाटायचंच नाही. आठ पाकिटं आठ दिवसांत संपली, तेव्हा तिने स्वतःच दुकानात फोन केला. ‘तेच पांढरं पाकीट पाठवा.’ त्यांनी पाठवलं. पुन्हा पाठवलं. चिठ्ठी कुणी मागितली नाही, आणि पैसे ती स्वतःच्या पेन्शनमधून देत असल्यामुळे आम्हा कुणाला पत्ता लागला नाही.

महिन्याभराने तिचं जेवण तुटलं. मग बद्धकोष्ठ सुरू झालं, म्हणून आम्ही इसबगोल दिलं. उशाशी पाण्याचा तांब्या असतो, तो रात्रीतून दोनदा भरावा लागायला लागला, तरी ओठ कोरडे. रात्री चार-चार, पाच-पाच वेळा लघवीला उठायची. भावाला वाटलं साखर वाढली असेल, तर साखर व्यवस्थित. आणि एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा आई देवापुढे बसलेली होती, हातात काडेपेटी, समोर तेलात भिजलेली वात, आणि तिला पुढे काय करायचं ते आठवत नव्हतं. काडेपेटी उलटीसुलटी करून पाहत होती. पासष्ट वर्षं रोज तिन्हीसांजेला दिवा लावणारी बाई. मी मनात म्हटलं, वय झालं. हे मी स्वतःला माफ करू शकलेले नाही.

रुग्णालयात एक तरुण निवासी डॉक्टर होती. तिने सगळ्यात आधी सांगितलं, घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणा, संपलेलीसुद्धा. मी आईचं कपाट उपसलं. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात रिकामी पाकिटं रबर लावून ठेवलेली, दहा-दहाचे चार गठ्ठे आणि वर तीन सुटी. आई काही टाकून देत नाही, दुधाच्या पिशव्याही धुऊन घडी घालून ठेवते. त्या डॉक्टरने पलंगाच्या कडेला बसून एकेक पाकीट मोजलं. 43. शिवाय रोजची कॅल्शियमची गोळी होतीच, तिच्यातही ‘ड’ असतं.

आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मोठ्या माणसाची रोजची गरज 600 युनिट धरलेली आहे. म्हणजे एका पाकिटात शंभर दिवसांचं ‘ड’ असतं. 43 पाकिटांत पावणेबारा वर्षांचं. ते माझ्या आईने सहा आठवड्यांत घेतलं.

रक्तातलं कॅल्शियम 13.8 निघालं. साधारण साडेआठ ते साडेदहाच्या मध्ये असायला हवं. मूत्रपिंडं नीट काम करतात का ते सांगणारं क्रिएटिनिन नेहमीच्या दुप्पट. ‘ड’ची पातळी दीडशेच्या वर, त्यापुढे आमचं यंत्र मोजत नाही असं प्रयोगशाळेने लिहून दिलं. डॉक्टरने मला समजावलं ते साधं होतं. ‘ड’ अति झालं की आतडी अन्नातलं कॅल्शियम ओढत राहतात, हाडांतलंही सुटायला लागतं आणि सगळं रक्तात येतं. मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून ती तहान आणि ती लघवी. मेंदूवर मळभ येतं, म्हणून ती काडेपेटी. सलाईन, स्टेरॉइड, दूध-दही बंद, उन्हात जाणंसुद्धा बंद. पाकिटं थांबवल्यावरही कॅल्शियम जागेवर यायला सात आठवडे लागले, कारण चरबीत साठलेलं ‘ड’ हळूहळू बाहेर येत राहतं. लघवीवाटे निघून गेलं असतं तर आम्ही नऊ दिवस तिथे कशाला राहिलो असतो?

तुमच्या लेखात ‘नियमित पाकीट घ्यावं’ असं तीन ठिकाणी आहे. नियमित म्हणजे काय? रोज, आठवड्याला की महिन्याला? किती युनिटचं? हा एक आकडा सबंध पानभर लेखात नाही. बाजारात 1,000 युनिटची गोळी आहे, 2,000 ची आहे, 60,000 चं पाकीट आहे आणि सहा लाखांचं इंजेक्शनही आहे. या सगळ्यांना लोक ‘डी-थ्री’ एवढंच म्हणतात. एकदाच भरपूर घेऊन मोकळं व्हावं हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या दोन हजारांवर बायकांवर प्रयोग झाला होता, निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या जणींना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले. हाडं मोडणं कमी व्हावं म्हणून दिले होते, आणि त्याच गटात पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण जास्त निघालं.

आता उन्हाबद्दल. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे हेही सोडवत नाही. ‘सकाळी सहा ते आठ या वेळेत कोवळ्या उन्हात बसा.’ अहो, जानेवारीत आमच्या डोंबिवलीत सूर्यच सव्वासातला उगवतो! आणि उगवल्यावरचं कोवळं ऊन अंगाला छान वाटतं, त्याबद्दल वाद नाही, पण त्यात ‘ड’ जवळजवळ तयार होत नाही. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा किरण तिरपे येतात, हवेच्या जाड थरातून येतात, आणि कातडीत ‘ड’ घडवणारे अतिनील-ब किरण वाटेतच गळून जातात. माझ्या वर्गातल्या मुलांना मी मैदानावर काठी रोवून सावली मोजायला लावायची. तीच काठी इथेही कामाला येते: आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. जानेवारीत आमच्याकडे ही वेळ साधारण साडेअकरा ते दोन अशी येते, कारण इथे सूर्य डोक्यावर यायला पाऊण वाजतो. मेमध्ये साडेनऊलाच सावली उंचीएवढी होते, आणि महिन्याच्या मध्यावर तर शून्य सावलीचा दिवस येतो. तेव्हा भर दुपारी कुणी तापत बसावं असं मी म्हणणार नाही, दहाच्या आसपास दहा-पंधरा मिनिटं हातपाय उघडे ठेवले तरी चालतं. सावळ्या कातडीला थोडा जास्त वेळ लागतो. म्हाताऱ्या कातडीत ‘ड’ तयारच कमी होतं, म्हणून तर आईसारख्यांना वरून घ्यावं लागतं.

लेखासोबतच्या छायाचित्रात एक आजोबा बंद काचेच्या खिडकीशी उन्हात बसलेले दाखवलेत. काचेतून ऊब येते, उजेड येतो, पण तेच किरण येत नाहीत. माझी आई दोन वर्षं गॅलरीच्या सरकत्या काचेआड रोज तासभर बसत होती. तिचं ‘ड’ नऊ आलं ते त्यानंतर.

माझा भाचा ब्रिटनमधल्या ग्लासगोला असतो. तिथे डिसेंबरात भर दुपारी माणसाची सावली त्याच्या पाचपट लांब पडते. तेव्हा त्याला उन्हातून ‘ड’ मिळणारच नाही. ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे की शरद ऋतू आणि हिवाळ्यात रोज 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट, घेण्याचा विचार करावा. त्या शहरात साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या उपखंडातून गेलेल्या घरांतल्या मुलांना मुडदूस झाला होता, पाय धनुकलीसारखे वाकायचे. तिथल्या लोकांनी हे गांभीर्याने घेतलं आणि ‘ड’ घरोघरी पोचवलं. रोजच्या लहान मात्रेत.

आपल्याकडे 22 डिसेंबरलाही भर दुपारी सावली माणसापेक्षा आखूडच पडते. ऊन आहे. ते घ्यायला जागा नाही. आमची जुनी इमारत चार मजल्यांची होती. आई दर वर्षी गच्चीवर पापड, सांडगे, कुरडया घालायची, तीन-तीन तास उन्हात, दंड उघडे, डोक्यावर पदर. तेव्हा तिचे गुडघे कधी दुखल्याचं मला आठवत नाही. पुनर्विकासानंतर आता बावीस मजले आहेत आणि गच्चीला कुलूप. चावी समितीकडे. मी लेखी अर्ज दिला की ज्येष्ठांसाठी आठवड्यातले तीन दिवस अकरा ते एक गच्ची उघडावी. सौर पटलांचं नुकसान होईल, जबाबदारी कुणाची, असं उत्तर आलं. खाली दोन इमारतींच्या मधल्या पट्टीत दुपारी जेमतेम वीस मिनिटं ऊन येतं, आणि तिथे गाड्या लावलेल्या असतात. गॅलरी पूर्वेची, त्यामुळे अकरानंतर सावली. सांगा, 84 वर्षांच्या बाईने कुठे बसायचं? यावर तुमच्या वार्ताहराने चार इमारती फिरून लिहिलं तर ते आम्हाला खरोखर उपयोगी पडेल.

आणखी एक. त्याच पानावर खाली, लेखाला चिकटून, एका प्रयोगशाळेची जाहिरात आहे: संपूर्ण तपासणी, ‘ड’ आणि बी-12 सह, सवलतीत. आणि लेखात लिहिलंय की प्रत्येकाने दर सहा महिन्यांनी ‘ड’ तपासावं. अमेरिकेतल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 च्या सूचनांत उलट सांगितलं आहे, धडधाकट माणसांची सरसकट ‘ड’ तपासणी करू नये. ज्यांना त्रास आहे, हाडं ठिसूळ आहेत, मूत्रपिंडाचा किंवा आतड्यांचा आजार आहे, त्यांचं त्यांचे डॉक्टर ठरवतील. लेख आणि जाहिरात एकमेकांना अशी खेटून छापू नका, एवढी वाचक म्हणून विनंती आहे.

मुख्य विनंती मात्र दुरुस्तीची आहे. येत्या रविवारी, त्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा की 60,000 युनिटचं पाकीट हे रोजचं औषध नाही, ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा आणि ठरलेल्या मुदतीपुरतंच घ्यायचं असतं, आणि जास्त झालेलं ‘ड’ अंगात साठतं. आतल्या पानावर तळाला दोन ओळींची चौकट नको, आई ती भिंगाशिवाय वाचू शकत नाही आणि तिच्या वयाच्या कुणालाच ती दिसणार नाही.

आई आता घरी आहे. डॉक्टरांनी सगळं पुन्हा तपासून, चार महिन्यांनी, तिला लहान मात्रेची गोळी सुरू केली आहे. तिच्या खोक्यावर मी मार्करने मराठीत लिहून ठेवलंय, किती आणि कधी. संध्याकाळी दिवा तीच लावते. क्रिएटिनिन अजून पूर्ण खाली आलेलं नाही.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, छापू नये.)