अहंकार कोणी मोजला?

चिरंजीव बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इगतपुरीचे दहा दिवसांचे विपश्यना ध्यानाचे शिबिर करून आल्यावर तू फोनवर म्हणालास, "आई, माझा अहंकार बराच कमी झाला आहे." तेव्हा मी काही बोलले नाही, पण ते वाक्य मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

बोलताना आपण अहंकार आणि गर्व एकच धरतो. मूळ शब्द त्याहून खोल आहे. कुंभ घडवतो तो कुंभकार, तसा 'अहं' घडवतो तो अहंकार. सांख्य या प्राचीन दर्शनाच्या आचार्यांनी 25 तत्त्वे मोजली, त्यांत प्रकृतीपासून, म्हणजे जगाच्या मूळ कारणापासून, बुद्धी, बुद्धीपासून अहंकार आणि अहंकारापासून मन व इंद्रिये असा क्रम लावला. म्हणजे त्यांच्या लेखी तो स्वभावदोष नव्हे. जे जे घडते त्यावर 'हे माझे, हे मी केले' अशी मोहोर उठवणारे ते एक तत्त्व आहे. गीतेचा तिसरा अध्यायही हेच सांगतो, की कर्मे प्रकृतीच्या गुणांकडून होत असतात आणि अहंकाराने मोहित झालेला माणूस स्वतःला कर्ता मानतो.

मला हे कळले ते तुझ्या आजीच्या शेवटच्या आजारपणात. तिचे सगळे मीच करीत होते. एके दुपारी पाहुण्यांसमोर तिने तुझ्या धाकट्या काकूचे तोंडभर कौतुक केले, तेव्हा माझ्या हातात पेजेची वाटी होती आणि भरलेला चमचा तसाच मध्ये थांबला. तोवर नुसती पेज भरवली जात होती. त्या क्षणापासून ती 'मी' भरवू लागले. आजी तोंड उघडून वाट पाहत होती, ते मला दिसलेसुद्धा नाही.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माऊली म्हणतात, की अहंकाराची गोष्टच नवलाची आहे, तो अज्ञानी माणसाच्या फारसा मागे लागत नाही, सज्ञानाच्या मात्र कंठाला झोंबतो. तेरच्या गोरोबाकाका कुंभारांनी कोण कच्चे, कोण पक्के हे पाहायला संतांच्या डोक्यावर मडकी घडवायचे थापटणे मारले, ती कथा तुला ठाऊक आहे. इतर संत शांत बसले. विठ्ठलाचे लाडके नामदेव तेवढे चिडले आणि कच्चे मडके ठरले. मला मात्र त्या अपमानापेक्षा पुढचे मोठे वाटते: तेच नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांना गुरू मानून शरण गेले.

बुद्धांनी 'मी' म्हणून धरावे असे काहीच स्थिर नाही असे सांगितले, वेदान्ताने त्यामागे आत्मा पाहिला. हा भेद लहान नाही आणि तो मिटवण्याची घाई तू करू नयेस. रमण महर्षी म्हणत, 'मी कोण?' हा विचार चिता ढवळण्याच्या काठीसारखा आहे, शेवटी ती काठीही जळून जाते. तुझे फोनवरचे वाक्य या काठीशेजारी ठेवून पाहा. अहंकार कमी झाला, हे कोणी मोजले?

दिवाळीला येशील तेव्हा त्या मौनातल्या दिवसांविषयी मला सविस्तर सांग.

तुझी,
आई