कन्यादानाला मी बसणार आहे

प्रिय अमोल,

काल फोनवर तू जे बोललास त्याला तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं, पण तू गाडी चालवत होतास आणि माझा आवाज चढला असता, म्हणून लिहूनच पाठवतेय. जरा लांबेल, सवडीनं वाच.

तुझं म्हणणं असं की मनूच्या लग्नात कन्यादानाला काका-काकू बसू देत, मी शेजारी खुर्चीवर बसावं, हळद आधी सवाष्णींनी लावावी आणि सगळ्यांची झाली की मग मी. आणि हे तुझं मत नाही, तुला काहीच प्रॉब्लेम नाही, फक्त लोकांचं बघायला पाहिजे. बाळा, पप्पा गेल्यापासून मला एकही माणूस असा भेटला नाही ज्याचं स्वतःचं काही म्हणणं आहे. सगळे म्हणतात "माझं काय नाही हो, पण..."

संक्रांतीच्या आधी बांगड्या भरायला गेले होते. कासार आपला नेहमीचाच, त्यानं मला बघितलं, कपाळावरची टिकली बघितली आणि विचारलं, "मनूच्या मापाच्या बांधून देऊ का मावशी?" मी हात पुढं केला. तो बिचारा हिरव्या काढू का निळ्या काढू करत बसला, मग गुपचूप निळ्या भरल्या, आणि पैसे घेताना बारीक आवाजात म्हणाला, "माझं काय नाही, पण दुपारचं येत जावा, गर्दी नसती." त्याला दोष देत नाही मी. त्याचं गिऱ्हाईकच सवाष्णी, त्यातली एक जरी "आम्ही असताना हिला कशा भरल्या" म्हणून उठून गेली तर त्याचं नुकसान. पण त्या दिवशी दुकानात दोघीतिघी होत्या आणि कुणीही उठलं नाही, हेही खरं.

आणि हे सगळं कुठं, तर आपल्या शिरोळ तालुक्यात! हेरवाड कुरुंदवाडपासून गाडीवर दहा-पंधरा मिनिटांवर. मे 2022 मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृती शताब्दीच्या वेळी, तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना सांगितलं की हेरवाडसारखं करा. मूळ कल्पना करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडेंची, त्यांनी तर स्टँप पेपरवर लिहून ठेवलं की मी मेल्यावर माझ्या बायकोला यातलं काही करायला लावू नका. पप्पांनी ती बातमी मला मोठ्यानं वाचून दाखवली होती आणि म्हणाले होते, "आपल्याकडं स्टँप पेपर लागायचा नाही, तू ऐकणारच नाहीस कुणाचं." म्हणून ते गेले त्या दिवशी, त्यांना बाहेर न्यायच्या आधी बायका माझ्याजवळ आल्या तेव्हा मी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि नाही म्हटलं. तू बाहेर अंगणात होतास, तुला यातलं फारसं दिसलं नाही.

ठराव म्हणजे कायदा नव्हे, त्याच्यानं कुणावर केस होत नाही. आणि कायदा असला तरी काय? महर्षी कर्व्यांचं मी शाळेत पोरांना शिकवायची. 1893 ला त्यांनी विधवेशी लग्न केलं तर त्यांच्या गावच्या, मुरुडच्या लोकांनी बैठक घेऊन बहिष्काराचा ठराव केला, त्यांना घरात घेतलं तर अख्खं घर वाळीत. निदान तोंडावर तरी केलं. आता वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, महाराष्ट्रात 2016 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा नाहीतर लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही. पण "अगंबाई, तुम्हाला हळदीकुंकवाला सांगायचं राहूनच गेलं की" याला कोणतं कलम लावणार? यंदा आपल्या गल्लीत तीन घरांत राहून गेलं. दुसऱ्या दिवशी तिळगूळ मात्र डब्यातून घरपोच आला, वर "तब्येतीला जपा" हे पण.

याचं मला फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते आत्याचं, आणि तू काल जे म्हणालास ना की आत्याला कशाला दुखवतेस, त्यावर मी रात्रभर विचार केला. सगळ्यात जास्त त्याच चिडल्यात हे खरंय. मला वाटलं होतं जावा बोलतील, देवळातल्या बायका बोलतील, तर त्या दोन दिवस कुजबुजल्या आणि आपापल्या कामाला लागल्या. आत्या वर्षश्राद्धाला आल्या, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आम्ही खुळ्याच होतो म्हणायचं." त्यानंतर घरात पाणी पण प्यायल्या नाहीत. त्या पंचविशीत विधवा झाल्या रे. उभा जन्म फिक्या साड्या, स्वतःच्या भावाच्या लग्नात, म्हणजे आमच्याच लग्नात, त्या स्वयंपाकघरात बसून होत्या, हॉलमध्ये आल्याच नाहीत, मी नवी नवरी, मला कळलंही नाही की एक नणंद दिसत नाही. ज्या बाईनं एवढं सगळं भरलंय तिच्यासमोर मी फुकटात पुढं निघून गेले की तिला काय वाटणार? तिला आनंद व्हावा असं आपण म्हणतो, भाषणात बरं वाटतं ते. त्यांचा राग मला समजतो, पण म्हणून टिकली काढणार नाही. त्यांच्या घरी मी स्वतः जाणार आहे पत्रिका घेऊन, चार शब्द ऐकवतील ते ऐकून घेईन. तू मध्ये पडू नकोस, "आईचं जरा मनावर घेऊ नका" वगैरे फोन तर अजिबात करू नकोस, माझी बाजू सावरायची गरज नाही.

आता कन्यादानाचं. (मनूला तो विधीच नको होता, पण सासरच्यांना हवाय म्हणून तिनं तेवढं मान्य केलंय.) गुरुजींना मी विचारलं. मिरजेच्या मामांनी मामी गेल्यावर बायकोच्या जागी कमरेला सुपारी लावून लेकीचं कन्यादान केलं, तू तिथं होतास, जेवणं वाढत होतास, कुणी एक अक्षर काढलं का? मग ती सुपारी मला का चालत नाही? गुरुजी हसले, म्हणाले शास्त्राचं मी बघतो, पण व्याह्यांना विचारून घ्या. म्हणून विहीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, यांना विचारून सांगते. मग दोन दिवसांनी, "यांचं काही नाही, गावाकडची माणसं काय म्हणतील एवढंच." मी म्हटलं मग गावाकडच्या माणसांचा नंबर द्या, मीच बोलते. त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आलं, आणि शेवटी म्हणाल्या, बसा तुम्ही, बघू काय होतं ते.

म्हणजे व्याही तयार, गुरुजी तयार, मनू तर पहिल्यापासूनच हट्ट धरून आहे. आडवा आलाय तो फक्त तू.

काका-काकूंना मी सांगितलंय, काकूंना तर सुटल्यासारखंच झालं, त्यांचे गुडघे दुखतात, पाटावर एवढा वेळ बसणं त्यांना जमणारच नव्हतं. मंडपात कुणी काही बोललंच तर तू लगेच समजावत बसू नकोस, जेवायच्या पंगतीकडं बघ, तिथं माणूस कमी आहे. आणि पत्रिकेत निमंत्रक म्हणून पहिलं नाव माझं, मग काका-काकू, मग तुम्ही दोघं. प्रूफ व्हॉट्सॲपवर टाकलंय, पप्पांच्या नावातली वेलांटी प्रेसवाल्यानं चुकवलीय तेवढी बघ, तो शुक्रवारपर्यंतच थांबणार आहे.

तुझी,
आई