मांजर कुणी मारलं?

मा. संपादक,

खारघरमधल्या आमच्या सोसायटीमागच्या रस्त्यावर गेल्या महिन्यात एका सकाळी मांजराचं धड सापडलं. मुंडकं नव्हतं. तासाभरात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'कुणीतरी विकृत माणूस फिरतोय' असं सुरू झालं आणि दुपारपर्यंत आळ रात्रपाळीच्या वॉचमनवर आला. का, तर गाड्यांवर चढणाऱ्या मांजरांना तो हाकलतो म्हणून. संध्याकाळी कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. पहाटे एका गाडीने मांजराला उडवलं होतं आणि थोड्या वेळाने खाडीकडून आलेल्या कोल्ह्याने त्याचं मुंडकं ओढून नेलं होतं.

लंडनमध्ये तर असा संशय वर्षानुवर्षं टिकला. २०१४ पासून क्रॉयडन भागात मुंडकं नसलेली मांजरं सापडू लागली आणि वर्तमानपत्रांतून 'क्रॉयडन कॅट किलर' घरोघरी पोचला. पोलिसांनी जवळपास तीन वर्षं तपास करून सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितलं, की हे माणसाचं काम असल्याचा पुरावा नाही. मांजरं वाहनांखाली मेली असावीत आणि मग कोल्ह्यांनी त्यांचे लचके तोडले. नंतर रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने अशी ३२ मांजरं तपासली. सगळ्यांवर कोल्ह्याचा डीएनए मिळाला. त्यातली काही कोल्ह्यांनीच मारली होती, हेही खरं.

तिथला तांबडा कोल्हा आपल्या माळावरच्या खोकडाच्या जातकुळीतला. आपल्या कांदळवनातला सोनेरी कोल्हा वेगळा. खेकडे, मासे, उंदीर खाऊन राहणारा. पण आमच्याकडे रात्री भिंतीलगत मांजरांसाठी मासळी-भात ठेवला जातो. मीही ठेवायचे. म्हणजे कोल्ह्याला आणि मांजराला एकाच ताटावर आम्हीच आणत होतो. आता मी उजेड असतानाच खाऊ घालते, उरलेलं उचलते आणि घरच्या मांजरीला रात्री बाहेर सोडत नाही. तिची रेबीजची लसही चुकवत नाही, कारण २०२४ मध्ये चेंबूर भागातल्या कोल्ह्यात रेबीज आढळला होता. 'पिंजरा लावा' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की या प्राण्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. जखमी किंवा विचित्र वागणारा कोल्हा दिसला तर वनविभागाला १९२६ वर कळवावं.

वॉचमनवर आळ घेणारे मेसेज ग्रुपवर अजून तसेच आहेत. ते काढून टाकावेत आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागावी, असं मी कमिटीला लेखी दिलं आहे. पंधरा दिवस झाले, उत्तर आलेलं नाही.

– एक वाचक, खारघर, नवी मुंबई