एक्झॉस्ट फिरतो, पण हवा हलते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे कुणाचा तरी जीव गेल्याची बातमी येते. मग आठवडाभर माझा फोन वाजत राहतो, "आमच्याकडेही एक एक्झॉस्ट बसवून द्या." मी नाशकात वायरमन आहे. फॅन बसवण्याची मजुरी मलाच मिळते, तरीही अशा घरी मी आधी सांगतो की गिझर बाथरूमच्या बाहेर काढा. एक्झॉस्ट हा त्यावरचा इलाज नव्हे.

एक किलो गॅस जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. सात बाय पाचची, नऊ फूट उंचीची बाथरूम घ्या. तिच्यात मुळात 9 घनमीटरसुद्धा हवा नसते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो, आणि माणसाला दाराची कडी काढण्याचंही त्राण उरत नाही. दार घट्ट लावून वर एक्झॉस्ट चालू ठेवला, तर गिझरच्या पाइपातून बाहेर जाणारा वायू उलटा आत ओढला जाण्याचा धोका असतो. गिझर ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत लावावा आणि बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा पाइप न्यावा. त्याला प्लंबरचं थोडंसंच काम लागतं.

ज्यांच्याकडे विजेचा गिझर आहे, त्यांनाही एक्झॉस्ट हवाच. पण नुसता फॅन फिरला म्हणजे हवा खेळते असं नाही. सिडकोतल्या एका काकूंच्या बाथरूमचं छत बुरशीने काळं पडलं होतं. रंग दोनदा दिला, फॅनही मोठा आणला, तरी ओल हटेना. मी म्हटलं, "काकू, एक उदबत्ती द्या." दार लावून ती खाली धरली, तर धूर तिथल्या तिथे घुटमळत राहिला. दार चार बोटं किलकिलं केलं आणि तोच धूर सरळ रेघ धरून फॅनकडे निघाला. ग्रॅनाइटचा उंबरा, दाराला खालून रबराची पट्टी, खिडकीला पक्की काच. आत यायला वाटच नाही, तर फॅन बाहेर फेकणार काय? दाराखाली पाऊण इंच फट ठेवली किंवा जाळी बसवली की एवढ्या बाथरूमला सहा इंची फॅन पुरून उरतो. तो दाराच्या समोरच्या भिंतीत, छताजवळ हवा. अंघोळीनंतर वीसेक मिनिटं चालू राहू द्यावा. चाळीस वॅटचा फॅन रोज तासभर चालला तरी महिन्याला सव्वा युनिट वीज लागते, तेवढ्यासाठी बटण बंद करू नये.

खरी अडचण पुढे आहे. पुष्कळ ठिकाणी फॅनचं तोंड पीओपीच्या छतावरच्या पोकळीत सोडलेलं असतं. तिथे वाफ साठते आणि माळ्यावरचं सामान कुजतं. काही सोसायट्यांनी कबुतरं आणि पाऊस नको म्हणून बाथरूमांमागच्या डक्टचं, म्हणजे खालपासून गच्चीपर्यंत जाणाऱ्या उभ्या पोकळीचं, तोंडच गच्चीवर पत्रे टाकून बंद केलंय. सगळ्या मजल्यांची दमट हवा मग त्याच डक्टमध्ये कोंडते आणि शेजाऱ्याच्या फॅनमधून घरात परत येते. कबुतरांसाठी जाळी लावा, पावसासाठी पत्रा हातभर उंच उचलून बसवा, बाजू मोकळ्या ठेवा. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये इमारतीच्या उंचीप्रमाणे डक्टचा आकार वाढवायला सांगितलं आहे, तो उगाच नाही.

महापालिकेने भोगवटा प्रमाणपत्र देताना डक्ट वरून उघडा आहे की नाही आणि गॅस गिझरची जोडणी बाथरूमच्या आत काढलेली नाही ना, एवढं जागेवर येऊन पाहावं. सोसायट्यांच्या समित्यांनी मात्र त्याची वाट न पाहता या रविवारीच गच्चीवर जाऊन डक्टवरचे पत्रे तपासावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वायरमन, नाशिक