प्रसूतीचा सराव सभागृहात नको, लेबर रूममध्ये हवा

महोदय,

परिचारिकांच्या प्रसूती प्रशिक्षणाची बातमी आली की सोबतच्या छायाचित्रात सभागृह, दीपप्रज्वलन आणि प्रमाणपत्र धरलेल्या सिस्टर दिसतात. अवघड बाळंतपण मात्र रात्री अडीच वाजता दोन परिचारिका आणि एक मावशी यांच्याच हातात असते. केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी, म्हणजे प्रशिक्षित परिचारिकांकडून होणाऱ्या प्रसूतीसेवेच्या मार्गदर्शक सूचना आणल्या. त्यात नर्स प्रॅक्टिशनरचे १८ महिन्यांचे प्रशिक्षण आहे. ते हवेच. पण आज ठाणे-नवी मुंबईच्या महापालिका रुग्णालयांत आणि शहापूर-मुरबाडच्या आरोग्य केंद्रांत ज्या स्टाफ नर्स आणि एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका) बाळंतपणे करतात, त्यांचे काय? त्यांचा सराव त्यांच्याच लेबर रूममध्ये, त्यांच्याच ट्रेवर, आठवड्याला वीस मिनिटे आणि रात्रपाळीतही व्हावा, एवढीच आमची मागणी आहे.

रक्तदाब वाढून बाळंतपणात येणाऱ्या झटक्यांचेच घ्या. त्यावरच्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस १४ ग्रॅम, हे परीक्षेत सगळ्याजणी बरोबर लिहितात. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या अँप्यूलमध्ये औषध असते १ ग्रॅम. म्हणजे बाई टेबलावर झटके देत असताना काचेच्या १४ अँप्यूल फोडायच्या. त्यातल्या चारांचे ८ मिली औषध १२ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून, निदान पाच मिनिटे लावून शिरेतून द्यायचे. पातळ न करता घाईने ढकलले तर श्वास थांबू शकतो. उरलेले पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, खोल. एकटीने करायला गेले की मोजणी चुकते, बोट कापते, १० मिलीची सिरिंज नेमकी सापडत नाही. म्हणून एकीने फोडायच्या आणि मोठ्याने मोजायच्या, दुसरीने औषध ओढायचे. रिकाम्या अँप्यूल फेकायच्या नाहीत, ट्रेमध्ये ओळीने मांडायच्या. हिशेब डोळ्यांसमोर राहतो. सरावाला डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूल वापराव्यात. मुदत संपलेले औषध वापरू नये, ते हमखास ट्रेमध्येच राहून जाते.

छोट्या केंद्रात शिरेतून देणे शक्य नसेल तर कुल्ल्यांतले १० ग्रॅम देऊनच गाडीत घालावे. एएनएमला हा पहिला डोस देण्याची मुभा केंद्राच्या सूचनांत आहे. तरी ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही’ ही भीती जात नाही. ती व्याख्यानाने जाणार नाही; वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचा आदेश लेबर रूमच्या भिंतीवर लागला तर जाईल. चार तासांनी पुढचे ५ ग्रॅम देण्याआधी गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का, लघवी तासाला ३० मिली तरी होते का, हे पाहायचे. हे औषध जास्त झाले तर त्यावर उतारा असलेले कॅल्शियम ग्लुकोनेट त्याच ट्रेमध्ये हवे, कपाटात कुलपाखाली नको.

रक्तस्राव डोळ्यांच्या अंदाजाने नेहमी कमी भरतो. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी चादरीवर सांडली तर केवढा डाग पडेल, याची कल्पना भल्याभल्यांना नसते. लाल रंगाचे १००, ३०० आणि ५०० मिली पाणी पॅडवर, चादरीवर, जमिनीवर ओतून सगळ्यांना आकडा लिहायला लावा. पहिल्याच दिवशी डोळे उघडतात. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावणे सर्वांत उत्तम, नाहीतर पॅडचे वजन करावे: कोरड्यापेक्षा जेवढे ग्रॅम जास्त, तेवढे मिली रक्त. आफ्रिकेतल्या चार देशांतील ८० रुग्णालयांत झालेला ‘ई-मोटिव्ह’ अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मापाची पिशवी आणि उपचार एकामागून एक न करता एकदम सुरू करणे, एवढ्याने तिथे तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. एकदम म्हणजे पोट चोळून गर्भपिशवी घट्ट करणे, ती आकसवणारे ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत, सलाईन आणि फाटले आहे का, वार अडकली आहे का याची तपासणी. ट्रॅनेक्झामिक बाळंतपणापासून तीन तासांच्या आत द्यायचे असते. शहापूरहून निघालेली गाडी भिवंडीच्या कोंडीत अडकली तर ती वेळ रस्त्यातच सरते, म्हणून ते निघण्याआधीच द्यावे. आपल्याकडे निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आहे (पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५२.२ टक्के). अशा बाईची नाडी ३०० मिलीलाच धावू लागली तर ५०० मिलीच्या नेहमीच्या मर्यादेची वाट पाहू नये.

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांतच टिकते. पावसाळ्यात वीज गेली, फ्रीज बंद पडला, तर अँप्यूल दिसायला तशीच राहते, पण आतली ताकद उतरते. मग ‘इंजेक्शन देऊनही पिशवी आकसली नाही’ म्हणून दोष बाईच्या नशिबाला. फ्रीजमधल्या थर्मामीटरची दिवसातून दोनदा नोंद हा सरावाचाच भाग धरावा.

डोके बाहेर आले आणि खांदा अडकला की वरून पोट दाबण्याची सवय अजून मोडलेली नाही. त्या दाबाने खांदा हाडामागे आणखी रुततो, गर्भपिशवीलाही इजा होऊ शकते. दोघींनी बाईच्या मांड्या पोटाकडे पूर्ण दुमडायच्या आणि तिसरीने ओटीपोटाच्या हाडाच्या लगेच वर, बाळाच्या पाठीच्या बाजूने तळहाताने दाबायचे. ही जागा फळ्यावर दाखवून कळत नाही, हात धरूनच दाखवावी लागते.

राहिले बाळंतपणानंतरचे. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, रक्तस्राव आणि पिशवीचा घट्टपणा पाहायचा असतो. नेमके याच वेळात बाईला वॉर्डात हलवतात आणि लेबर रूमला वाटते वॉर्ड पाहतोय, वॉर्डाला वाटते लेबर रूमने पाहिले. रक्तदाब तर सर्वांत वर जातो तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, म्हणजे घरी गेल्यावर. डोके दुखते म्हटले की ‘वारा लागला असेल, कान बांध’ हे उत्तर तयार असते. शिवाय दिघा-रबाळ्याच्या पत्त्यावर नोंदलेली बाळंतीण तोवर जुन्नरला नाहीतर जव्हारला माहेरी पोहोचलेली असते आणि आशाताई तिसऱ्या, सातव्या दिवशी कुलूप पाहून परततात. डिस्चार्ज कार्डावर माहेरचा पत्ता, तिथल्या आशाताईंचा फोन आणि शेवटचा रक्तदाब हे तीन रकाने छापायला कुठल्या निविदेची गरज नाही.

– प्रसूती परिचर्या शिकवणाऱ्या काही परिचारिका, ठाणे