ताबा देताना नळजोडणी आणि तारांचा नकाशाही द्या

महोदय,

सांगलीत नव्या सदनिकेचा ताबा घेणारी कुटुंबे रंग आणि फर्निचरची चौकशी बारकाईने करतात. मात्र पाण्याचा मुख्य कॉक आणि विजेचा मुख्य स्विच कोठे आहे, हे पहिली अडचण येईपर्यंत अनेकांना ठाऊकच नसते. साधा नळ टिपकत असेल, तर बहुधा झिजलेला वायसर बदलणे पुरेसे असते: कॉक बंद करावा, पाइपमधील पाणी वाहू द्यावे, पान्याने नळाचा वरचा भाग सोडवावा आणि जुना वायसर दुकानात दाखवून त्याच मापाचा आणावा. संपूर्ण नळ काढला असेल, तर तो पुन्हा बसवताना गळती रोखणारी टेफ्लॉन टेप आट्यांवर, टोकाकडून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी, अन्यथा नळ आवळताना ती उलगडते.

विजेच्या कामात मात्र धाडस नको. विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या आरसीसीबी या स्विचवरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून तो लगेच पडतो का, एवढे कोणीही पाहू शकते. न पडल्यास जाणकार वायरमनच हवा. २०१९ आणि २०२१ चे महापूर अनुभवलेल्या या शहरात तळमजल्यावरील बोर्डांची उंचीही तपासायला हवी.

भिंतीत ड्रिल मारताना आतील पाइप किंवा तार फुटू नये, यासाठी बांधकाम व्यावसायिकांनी ताब्यासोबतच त्यांचा नकाशा द्यावा आणि गृहनिर्माण संस्थांनी तो मागून घ्यावा, ही विनंती.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली