‘बेदखल’ केल्याने वारस मिटत नाही
‘मुलगा सांगण्यात नसल्याने त्यास बेदखल केले आहे, त्याच्या व्यवहारास मी जबाबदार नाही,’ अशा जाहीर नोटिसा नेहमी दिसतात. बेदखल करणे म्हणजे ताबा काढून घेणे. नाते किंवा वारसहक्क त्याने तुटत नाही. मृत्युपत्र न करता वडील गेले, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार तोच मुलगा वर्ग एकचा, म्हणजे पहिल्या हक्काचा, वारस ठरतो आणि तलाठी वारसनोंदीत त्याचे नाव घेतो. नोटिशीच्या भरवशावर राहिलेल्या आईची मग फार फरफट होते. स्वकष्टार्जित मिळकत मुलाला द्यायची नसेल तर मृत्युपत्रच करावे. दोन साक्षीदारांनी त्यावर सह्या केल्याच पाहिजेत; नोंदणी सक्तीची नाही, तरी जरूर करावी. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतला मुलाचा, २००५ पासून मुलीचाही, जन्मसिद्ध हिस्सा मात्र मृत्युपत्रानेही काढता येत नाही.
– एक वकील, सातारा